बिराजदार मॅडम सत्कार करतात

जुळे सोलापुरात आमच्या कॉलनीला रस्ता मिळाला आणि वर्षाच्या आत तो उखडलाही. लोकांनी ठेकेदाराच्या नावानं बोटं मोडली, नगरसेवकाला फोन केले, ग्रुपवर खड्ड्यांचे फोटो टाकले. माझ्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बिराजदार मॅडमनी यातलं काहीच केलं नाही. त्यांनी ठेकेदाराचा सत्कार ठेवला.

सत्कार अगदी रीतसर होता. मांडव, हलगी, फेटा, शाल, श्रीफळ. फक्त खुर्ची सगळ्यात मोठ्या खड्ड्याच्या काठावर मांडलेली. ठेकेदार कडक इस्त्रीच्या कपड्यांत बायकोमुलांना घेऊन आला. मॅडमनी भाषणात एकेका खड्ड्याचा उल्लेख केला, पण इतक्या आदरानं की हसावं की उठून जावं ते त्या माणसाला शेवटपर्यंत कळलं नाही. पाठीमागे त्याच्या हसऱ्या फोटोचा भलामोठा फ्लेक्स होता, त्यावर लिहिलेलं, ‘हा रस्ता आमच्या भाऊंच्या हातून झाला.’ कार्यक्रम संपला, मांडव गेला, फ्लेक्स राहिला. जो तो गाडीवरून आदळला की वर बघायचा आणि भाऊंचा चेहरा नीट पाहून ठेवायचा. थोड्याच दिवसांत रोलर आला. नवा रस्ता झाल्यावर, आता तरी फ्लेक्स काढा म्हणून भाऊ हात जोडून मॅडमच्या दारात उभे राहिले, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "राहू द्या की. फोटो लई छान आलाय तुमचा."

मॅडमची तऱ्हा ही अशी होती. त्या भांडत नसत. आवाज चढवत नसत. ज्यानं दुखावलं त्याला त्या फेटा बांधत. त्यांच्या कपाटात कोऱ्या शालींचा एक गठ्ठा कायम असे आणि घरातला नारळ संपला की त्यांना करमत नसे. कॉलेजात कुणी मॅडमशी वाकडं वागलं की आम्ही एकमेकींना विचारायचो, "शाल कुठल्या रंगाची असेल गं?"

महानंदा बिराजदार माझ्याच कॉलेजात इतिहास शिकवायच्या. मी इंग्रजीची, बार्शीहून नोकरीसाठी सोलापूरला आलेली. त्या उंच, काळ्यासावळ्या. कपाळाला विभूतीची बारीक रेघ, गळ्यात करडगी, म्हणजे इष्टलिंग ठेवायची चांदीची डबी, अंगावर इरकल आणि पायात मात्र पांढरे स्पोर्ट शूज. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं एका नव्या प्राध्यापकानं विचारलं होतं, त्याचाही पुढे सत्कार झाला. घरात कानडी, वर्गात पुस्तकी मराठी आणि स्टाफरूममध्ये सोलापुरी, अशा तिन्ही भाषा त्या चपला बदलाव्यात तशा बदलायच्या. मला त्या ‘तंगी’ म्हणायच्या. कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण. मीही लाडात आले की त्यांना ‘अक्का’ म्हणायचे.

आणि त्या काही म्हणजे काही विसरायच्या नाहीत. कुठल्या लग्नात कुणी त्यांच्या आईला मागच्या पंगतीला बसवलं, कुठल्या बाईनं हळदीकुंकवाला हात आखडता घेतला, सगळं तोंडपाठ. एकदा मी म्हटलं, "मॅडम, विसरून जावं माणसानं."  त्या म्हणाल्या, "विसरायचं कशाला गं? डोक्यात जागा काय कमी हाय?"

त्यांच्या मामानं बारावीनंतर त्यांचं शिक्षण थांबवायला कंबर कसली होती. "भाकरी थापायला किती शिकायला लागतंय," असं तो चार माणसांत बोलला होता. मॅडम तरीही शिकल्या. पीएच.डी. झाल्यावर अक्कलकोटजवळच्या आपल्या गावात त्यांनी कार्यक्रम ठेवला आणि अध्यक्ष म्हणून मामाला बसवलं. वाकून नमस्कार केला. मग प्रबंध त्याच्या हातात देऊन म्हणाल्या, "मामा, नाव वाचून दाखवा की सगळ्यांना." प्रबंधाचं नाव चांगलं तीन ओळींचं होतं. मामा अडखळायचा, मॅडम शेजारी उभ्या राहून एकेक शब्द प्रेमानं पुरवायच्या, अख्खं गाव ऐकायचं. म्हाताऱ्याला घाम फुटला. मला हे सांगताना मॅडमच्या डोळ्यांत जी चमक होती ती पाहून मला मामाची दया यायला हवी होती. आली नाही. मीही काही फार चांगली बाई नाही.

मामापासून त्यांना वाचवलं ते आईनं. आई म्हणजे नीलव्वा. गावातल्या शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई लेकीच्या शिक्षणासाठी सख्ख्या भावाशी बोलायची थांबली. मॅडम दर शनिवारी एस.टी.नं गावी जायच्या आणि सोमवारी सकाळी तिथूनच कॉलेजला यायच्या. नीलव्वाला गाणी यायची. एक ओळ कानडी, दुसरी मराठी, अशी सरमिसळ. सासरी निघालेली लेक ज्वारीच्या ताटांना निरोप देते, विहिरीला देते, गोठ्यातल्या म्हशीला देते, आणि आईला मात्र देत नाही, असली गाणी. नीलव्वा ती भाकरी थापताना म्हणायची. परातीत हाताची थाप पडायची तोच तिचा ताल. भाकरी नसेल तर तिला गाणं सुचत नसे. "बसून गा म्हटलं की अव्वा गप्प बसती," मॅडम सांगायच्या. म्हणून त्यांनी चुलीशेजारी फोन ठेवून, धुरात खोकत, वर्षानुवर्षं ती गाणी उतरवून घेतली. पुढे एका थंडीत नीलव्वा गेली. त्या दिवसांत मॅडम रडल्या असतील, मी पाहिलं नाही. कॉलेजात परतल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "आवाज हाय माझ्याकडं. तेवढं बरं झालं."

आता सरांकडे येते. सर म्हणजे मॅडमचे विभागप्रमुख. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. आपलं नाव छापून यावं ही त्यांची जन्माची भूक, ती मी कशाला भागवू? सर गोरेगोमटे, गोड बोलणारे, खांद्यावर हात ठेवून काम करून घेणारे. विभागाच्या अहवालाला जोडतो म्हणून त्यांनी मॅडमकडून सगळी गाणी पेनड्राइव्हवर घेतली. त्याच उन्हाळ्यात लंडनच्या एका मोठ्या विद्यापीठाच्या समर स्कूलला त्यांची निवड झाली. विषय होता लोकगीतं. आम्हाला वाटलं, सर तिथे शिकायला गेलेत.

तीन आठवडे सर लंडनला राहिले आणि परत आल्यावर वर्षभर लंडनहून परतलेच नाहीत. बोर्डावर खडू मोडला तरी "आमच्या लंडनला" असं सुरू व्हायचं. ठिकठिकाणी सत्कार झाले, हार पडले, बातम्या आल्या. पण सर एक खबरदारी घ्यायचे, जी आमच्या फार उशिरा लक्षात आली. सोलापुरात ते फक्त लंडनबद्दल बोलायचे आणि लंडनमध्ये फक्त सोलापूरबद्दल.

ते उघडं पडलं ते माझ्यामुळे. पुढच्या उन्हाळ्यात आपणही कुठेतरी जावं म्हणून मी स्टाफरूममध्ये त्या समर स्कूलची वेबसाइट बघत होते, तर तिथे सरांच्या व्याख्यानाचा छोटासा व्हिडिओ. लावला, आणि फोनमधून नीलव्वा गायला लागली. मॅडम समोर डबा खात होत्या. त्यांचा घास हातातच राहिला.

व्हिडिओखाली इंग्रजीत दोन ओळी होत्या. त्यांनी मला अर्थ सांगायला लावला. मी सांगितला. संकलन आणि संशोधन सरांचं. गायिका, एक अनोळखी खेडूत स्त्री, नाव उपलब्ध नाही.

"काय म्हणालीस? परत सांग."

"नाव उपलब्ध नाही."

मॅडमनी हातातला घास डब्यात ठेवला. स्वतःच्या संशोधनाबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. "माझं नाव खाल्लं असतं तर मी एक वेळ पचवलं असतं," त्या म्हणाल्या, "माझ्या अव्वाला अनोळखी म्हणाला त्यो. तिच्या हातची भाकरी खाऊन गेलाय आमच्या घरी." हे खरं होतं. विभागाच्या सहलीला सगळे त्यांच्या गावी गेले होते आणि सरांनी बोटं चाटत नीलव्वाचं कौतुक केलं होतं.

मी म्हटलं, तक्रार करू या. प्राचार्यांकडे जाऊ.

"तक्रार केली की चौकशी हुती," मॅडम म्हणाल्या. "चौकशीत चहा येतो. चहा पिऊन झाला की सगळे म्हणत्यात, मिटवा आता. मला मिटवायचं न्हाय." मग डब्याचं झाकण लावत, अगदी शांतपणे, "सरांचा सत्कार करायला पायजे."

माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दोघी त्याच समर स्कूलला गेलो. कॉलेजात मॅडमनी काशीला जाते म्हणून रजा टाकली आणि मी पुण्याला मावशीकडे. मला का नेलं ते त्यांनी विमानात सांगितलं. "माझं इंग्रजी कडक भाकरीसारखं हाय. मोडतंय, पण वाकत न्हाय. कुटं अडलं तर तू हायस." बॅगेत खऱ्याही कडक भाकऱ्या होत्या, कापडात बांधलेल्या, आणि शेंगांची चटणी.

त्या शहरात मॅडम पहिल्या दिवसापासून बिनधास्त वावरल्या. इरकल आणि स्पोर्ट शूज घालून त्या फुटपाथवरून झपाझप चालायच्या, लोक बाजूला व्हायचे. रात्रीच्या जेवणाच्या वेळेलाही बाहेर लख्ख ऊन असे, त्याचा त्यांना राग यायचा. "सूर्याला काय घरदार न्हाय व्हय हितं?" वर्गात ब्राझीलची एक मुलगी, कोरियाचे दोघे, इटलीचे एक पेन्शनर, असा मेळा होता. सगळ्यांना त्यांनी दोन दिवसांत चटणी खायला लावली.

चटणी संपली म्हणून एकदा त्यांनी होस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजायला घेतले. धूर झाला, आगीचा भोंगा वाजला, अख्खी इमारत रस्त्यावर. सगळे घाबरलेले आणि मॅडम तवा हातात घेऊन उभ्या, दाणे करपू नयेत म्हणून हलवत. होस्टेलचा रखवालदार एक पिकलेला, ताठ माणूस होता. तो सगळ्यांदेखत मॅडमना बोलला, बराच बोलला. मला वाटलं, झालं. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी मॅडमनी बॅगेतली शाल काढली. नारळ मिळाला नाही म्हणून सफरचंद घेतलं. साऱ्या मुलांना गोळा करून त्यांनी त्या माणसाला खुर्चीवर बसवलं, शाल पांघरली, हातात सफरचंद दिलं आणि भाषण केलं, की यांच्यासारखं रागावणारं माणूस मी पाहिलं नाही.

तो रडला. म्हातारा शाल दोन्ही हातांनी धरून बसला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नंतर रोज सकाळी तो मॅडमसाठी दार उघडून उभा राहायचा. मॅडम दोन दिवस अस्वस्थ होत्या. "ह्या माणसाचा जन्मात कुणी सत्कार केला न्हाय वाटतं," त्या मला म्हणाल्या. "हितं ह्याचा अर्थच येगळा व्हतोय की." मला वाटलं, आता सरांचंही मनावर घेणार नाहीत. मी मॅडमना तेवढंच ओळखत होते.

वर्ग घेणाऱ्या बाईंचं नाव हेलन. पांढऱ्या केसांच्या, सज्जन बाई होत्या. आम्ही सोलापूरच्या म्हटल्यावर त्यांना कोण आनंद झाला. सरांचं नाव घेऊन म्हणाल्या, तुमच्याच शहरातल्या या विद्वानानं आणलेलं गाणं मी शिकवायला वापरते. आणि वर्गात त्यांनी नीलव्वाचं गाणं लावलं. मी मॅडमकडे पाहिलं. त्या हाताची घडी घालून बसल्या होत्या. हेलनबाईंनी सरांनी दिलेलं स्पष्टीकरण वाचून दाखवलं आणि माझ्या हातातलं पेन खाली पडलं. पुढे सांगतेच, काय होतं ते. मॅडमच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. तास संपल्यावर त्या हेलनबाईंकडे गेल्या आणि म्हणाल्या, सरांनाच पडद्यावर बोलवा ना. त्यांच्या तोंडून ऐकायला मिळालं तर आमचं भाग्य. आम्ही इथे आहोत हे मात्र सांगू नका, त्यांना आश्चर्याचा धक्का देऊ.

खोलीवर आल्यावर मी चिडले. "आत्ता सांगून टाकायचं ना बाईंना! समोर होत्या त्या."

"हितं सांगितलं तर ह्या वर्गाला कळंल. ही पोरं महिन्यानं आपापल्या गावाला जातील." मॅडम चटणी कुटत बोलत होत्या. "मला सोलापूरला कळायला पायजे."

त्यासाठी त्यांना फार काही करावं लागलं नाही. लंडनहून आमंत्रण आलं म्हटल्यावर बाकीचं सरांनीच केलं. कॉलेजच्या सभागृहात मोठा पडदा लागला. ‘लंडन विद्यापीठास सरांचे थेट मार्गदर्शन’ असे फ्लेक्स गेटपासून लागले. प्राचार्य, संस्थेचे संचालक, पत्रकार, सगळ्यांना बोलावणं गेलं. मॅडमनी आमच्या कॉलेजच्या होस्टेलमधल्या एका मुलीला फक्त एक फोन केला. "अक्कलकोटकडच्या आन् दक्षिण सोलापूरच्या सगळ्या पोरी फुडं बसवा. सरांचा मान हाय."

तो दिवस उजाडला. लंडनची सकाळ, सोलापूरची दुपार. वर्गातल्या पडद्यावर सर दिसले, ब्लेझरमध्ये, आणि त्यांच्या मागे आमचं भरलेलं सभागृह. आम्ही दोघी मागच्या रांगेत, कॅमेऱ्याच्या कोपऱ्याबाहेर. हेलनबाईंनी स्वागत केलं आणि गाणं लावलं.

सोलापुरात, भर सभागृहात, नीलव्वाचा आवाज पहिल्यांदा घुमला. गाण्याखाली थाप पडत होती, भाकरीची. सर हात वर करून म्हणाले, हा जो ठेका ऐकू येतोय ते या जमातीचं मातीचं चर्मवाद्य आहे, ते फक्त विधीच्या वेळी वाजवतात. पडद्यावर मला दिसलं, पहिल्या रांगेतल्या मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. ज्या घरात रोज भाकरी होते त्या घरातल्या माणसाला हा आवाज झोपेतही कळतो. सर नेहमी ताटावरच बसत आले होते, परातीपाशी कधी गेले नव्हते.

मग गाणं मध्येच थांबतं. नीलव्वा ओरडते, "हाल नोड! महानंदा, हाल!" आणि पुन्हा गायला लागते. सर भाविक आवाजात म्हणाले, इथे गायिका दुग्धसरितेला आवाहन करते. महानंदा ही या भागातली क्षीरदेवता. हे माते, दुधाचा पूर येऊ दे.

 आणि सोलापूरचं सभागृह हशानं फुटलं. पहिल्या रांगेपासून मागच्या दारापर्यंत लोक हसत होते. कानडी न येणाऱ्यांना शेजारचे सांगत होते आणि तेही हसत होते. प्राचार्यांनी रुमालात तोंड खुपसलं होतं. सरांना वाटलं आवाजात बिघाड आहे, ते माइकवर टिचक्या मारत होते.

हेलनबाईंनी विचारलं, लोक का हसतायत? तेव्हा मॅडम उठल्या आणि चालत कॅमेऱ्यासमोर गेल्या. काशीला गेलेली बाई लंडनच्या वर्गात उभी पाहून सरांचा हात माइकवरच राहिला. मॅडम इंग्रजीत बोलल्या, एकेक शब्द तोडून, आणि मला कुठेही मदतीला जावं लागलं नाही. "ते वाद्य नाही. ती भाकरी आहे. ती देवी नाही. महानंदा मी. माझी आई मला सांगते आहे, दूध बघ, दूध उतू चाललंय. मी फोन धरून बसले होते म्हणून दूध गेलं. हे गाणं मी घेतलं. या सरांनी माझ्याकडून घेतलं. माझ्या आईला नाव आहे. नीलव्वा."

सर म्हणाले, "नेटवर्कचा जरा प्रॉब्लेम..." आणि पडदा काळा झाला.

हेलनबाई पांढऱ्याफटक पडल्या. त्यांनी मॅडमकडून नाव नीट लिहून घेतलं. त्याच आठवड्यात वेबसाइटवरून सरांचा व्हिडिओ गेला आणि गाण्याखाली नीलव्वा बिराजदार असं आलं. मी संध्याकाळी खाली जाऊन मिठाई म्हणून जे मिळालं ते घेऊन आले. मला नाचायचं होतं. मॅडम खिडकीशी बसल्या होत्या.

"अक्का, जिंकलात की!"

"हसली गं सगळी," त्या म्हणाल्या. "सरांना हसली, मला ठावं हाय. पण आवाज अव्वाचा व्हता. अव्वा वराडली आन् माणसं हसली." बाहेरच्या न मावळणाऱ्या उन्हावर त्यांनी पडदा ओढला. मला वाटलं, आता पश्चात्ताप येणार, सूड वाईट असतो वगैरे. त्या वळल्या आणि म्हणाल्या, "हे पण सरांच्याच खात्यावर."

सोलापुरात सरांचं काय झालं? काहीच नाही. तुम्हाला वाटलं असेल चौकशी होईल, नोकरी जाईल. समिती नेमली, समितीनं चहा घेतला. सर विभागप्रमुखच राहिले. फक्त लंडनचं नाव त्यांच्या तोंडून कायमचं गेलं. आणि ते व्हरांड्यातून निघाले की कुठल्यातरी वर्गातून बारीक आवाजात "दूध, दूध" असं यायचं. सर मागे वळायचे, सगळी डोकी वहीत. ही मुलं पास होऊन गेली, नवी आली, त्यांना कुणी शिकवलं ठाऊक नाही, पण दूध उतू जातच राहिलं. मला ते ऐकून दर वेळी बरं वाटायचं, आजही आठवून वाटतं.

मॅडमशी सर त्यानंतर जास्तच गोड वागायला लागले. वाढदिवसाला बुके, दिवाळीला मिठाईचा डबा. मॅडम डबा शिपायांना वाटून टाकायच्या. सरांनी माफी कधी मागितली नाही. गैरसमज झाला, एवढंच ते म्हणायचे, आणि तेही मॅडम नसताना.

मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा निरोप समारंभ त्याच सभागृहात होता. सूत्रसंचालन माझ्याकडे. फ्लॅट विकून त्या गावी, नीलव्वाच्या घरात राहायला निघाल्या होत्या. बॅगा आधीच गेल्या होत्या, खांद्याला एक पर्स तेवढी. मुली रडत होत्या. सगळ्यांची भाषणं झाली आणि शेवटी सर उठले.

सर फार सुंदर बोलले. आवाज कापरा केला. झालं गेलं सगळं आपण इथेच सोडू या, म्हणाले. माणसं टाळ्या वाजवायला लागली. प्राचार्यांनीही समाधानानं मान हलवली, एकदाचं मिटलं म्हणून. सरांना टाळ्यांनी जोर आला. त्यांनी हात जोडले, डोळे मिटले आणि म्हणाले, "मॅडमना घडवणाऱ्या त्यांच्या पूज्य मातोश्रींना मी या व्यासपीठावरून वंदन करतो."

"नाव घेऊन करा की, सर," मॅडम खुर्चीतूनच म्हणाल्या.

टाळ्या थांबल्या. सरांनी डोळे उघडले. "अं?"

"अव्वाचं नाव घ्या आन् वंदन करा. मी ऐकतेय."

सर हसले. मग हसू राहिलं आणि चेहरा बदलला. त्यांना नाव आठवत नव्हतं. एवढं सगळं होऊन, जगासमोर पडदा काळा होऊन, नाव त्यांच्या कानात शिरलंच नव्हतं. त्यांनी प्राचार्यांकडे पाहिलं. मग माइकवर पंजा ठेवून ते माझ्याकडे झुकले आणि कुजबुजले, "अहो, काय नाव हो त्यांचं? सांगा ना पटकन."

मी शेजारीच होते. मला स्वच्छ ऐकू आलं. मी माझ्या पदराची पिन नीट करत राहिले.

सभागृहात नाव माहीत असलेली पुष्कळ माणसं होती. एकानंही ते दिलं नाही. मॅडम उठल्या, पर्स खांद्याला लावली. "सावकाश आठवा," त्या म्हणाल्या आणि मधल्या वाटेनं चालत निघाल्या, इरकल, पांढरे शूज, मान ताठ. मी सूत्रसंचालन तसंच टाकून मागे धावले. गेटपाशी गाठलं तेव्हा त्या रिक्षात बसत होत्या.  त्यांनी माझ्या गालाला हात लावला. "येत जा गं, तंगी," म्हणाल्या, आणि रिक्षावाल्याला, "एस.टी. स्टँड."

सभागृहाचा एक कर्णा गेटवर लावलेला होता. त्यातून सरांचं खाकरणं ऐकू येत होतं. "तर... त्या माउलीला... म्हणजे, आपल्या मॅडमच्या त्या..."

रिक्षा कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली तरी सर अजून नाव शोधत होते.